आजारी माणूस आणि त्याचं करणारा माणूस: नर्सिंगच्या प्रबंधासाठी दोघांचा अभ्यास कसा करावा

नर्सिंग कॉलेजच्या वाचनालयात जुन्या प्रबंधांचं कपाट उघडलं की एकाच धाटणीची शीर्षकं दिसतात. अमुक आजाराविषयीच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम. आधी चाचणी, मग तासभर शिकवणं, सात दिवसांनी पुन्हा चाचणी. गुण वाढतात, पी व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाचा नसावा हे सुचवणारा आकडा) ०.०५ च्या आत येते, प्रबंधाला सोनेरी अक्षरांचं कव्हर चढतं. मी स्वतः असे कितीतरी प्रबंध तपासले आहेत आणि दर वेळी एकच गोष्ट खटकते. शिकवल्यावर लगेच विचारलं तर गुण वाढणारच. पण घरी गेल्यावर त्या माणसाने लोणच्याची बरणी बाजूला सारली का? गोळ्यांचा डबा कुणी भरला? पायावर सूज चढली तेव्हा ती आधी कुणाच्या लक्षात आली? हे त्या प्रबंधात कुठेच नसतं.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा, किडनीचा आजार, सगळे घरात राहणारे आजार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण आहेत. हे लोक डॉक्टरांसमोर महिन्यातून दहा मिनिटं बसतात आणि बाकीचा महिना घरी असतात. तो महिना कोण सांभाळतं, कसं सांभाळतं, हा नर्सिंगच्या अभ्यासाचा खरा विषय आहे. तो कसा करायचा ते पायरीपायरीने सांगते. सगळीकडे एकच उदाहरण घेते, हार्ट फेल्युअरचं. यात हृदय बंद पडत नाही, पण त्याची पंप करण्याची ताकद कमी होते आणि अंगात पाणी साठतं. घरच्या काळजीवर इतकं अवलंबून असलेले आजार थोडेच.

प्रश्न आधी, शीर्षक नंतर

बहुतेक विद्यार्थी शीर्षक घेऊन येतात. मी त्यांना आठवडाभर ओपीडीच्या बाकावर बसायला पाठवते. वही उघडायची नाही, फक्त ऐकायचं. परत आल्यावर कुणी सांगतं, "मॅडम, लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी कुणीच घेत नाही." कुणी म्हणतं, "आजोबांना किती गोळ्या चालू आहेत ते आजोबांना माहीत नाही, सुनेला माहीत आहे." प्रश्न इथे जन्माला येतो. "स्व-काळजीविषयी ज्ञान किती?" असं विचारण्यापेक्षा "स्व-काळजीतली कोणती कामं रुग्ण स्वतः करतो, कोणती घरचे करतात आणि या दोघांचं म्हणणं जुळतं का?" असं विचारा. एक आजार घ्या, चार-पाच ठोस वागणुकी घ्या. मधुमेह, रक्तदाब आणि दमा असे तिन्ही एका प्रबंधात कोंबलेत तर एकाचंही धड होत नाही.

सिद्धांत कपाटात ठेवू नका

सैद्धांतिक चौकट म्हणून ओरेमचं नाव घातलं की काम झालं, असा समज आहे. डोरोथिया ओरेम यांनी १९७१ मध्ये स्व-काळजीची मांडणी पुस्तकरूपात आणली. माणूस स्वतःचं करू शकतो तेवढं त्याला करू द्यावं आणि जिथे कमी पडतो तिथे नर्सने भरून काढावं, हा त्यांचा गाभा. पण दीर्घ आजारासाठी त्याहून नेमकी चौकट हाताशी आहे. अमेरिकेच्या बार्बरा रीगेल आणि स्वीडनच्या टिनी यार्स्मा व अ‍ॅना स्ट्रॉमबर्ग यांनी २०१२ मध्ये ती मांडली. त्या स्व-काळजीचे तीन भाग करतात. प्रकृती टिकवून ठेवणं, तिच्यावर नजर ठेवणं आणि काही बिघडलं तर हालचाल करणं.

हार्ट फेल्युअरमध्ये याचा अर्थ असा. गोळ्या वेळेवर घेणं, मीठ कमी करणं हे टिकवणं. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करणं, घोट्यावर बोट दाबून खळगा राहतो का ते पाहणं, ही नजर. तीन दिवसांत वजन दोन किलोंहून अधिक वाढलं तर पाणी साठतंय हे ओळखून दवाखान्याला फोन करणं किंवा डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे लघवीची गोळी वाढवणं, ही हालचाल. अनेक घरांत पहिला भाग बरा असतो आणि दुसरा जवळजवळ नसतोच, कारण वजनकाटा नसतो. हे तीन भाग वेगळे मोजले नाहीत तर सरासरीत सगळं झाकून जातं.

इटलीच्या एर्कोले व्हेलोने आणि सहकाऱ्यांनी पुढचा विचार केला. रुग्णाच्या स्व-काळजीला घरचा माणूस किती हातभार लावतो हे वेगळं मोजण्यासाठी त्यांनी प्रश्नावली तयार केली आणि तिचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. संशोधक हार्लिया बक यांच्या अभ्यासांनी दाखवलं की काही घरांत आजाराचे निर्णय रुग्ण घेतो, काहींत काळजी घेणारा घेतो, तर काहींत दोघं मिळून घेतात. आपल्याकडे बायको सगळं करते आणि नवरा "मी बघतो माझं" म्हणतो, अशीही घरं भेटतील. ती कुठल्या गटात बसवायची, हा मराठी मुलुखात काम करणाऱ्याने सोडवायचा प्रश्न आहे.

काळजी घेणारा नेमका कोण

इथे सर्वात जास्त अभ्यास फसतात. वॉर्डात आपण विचारतो, "पेशंटचे नातेवाईक कोण?" आणि जो पुढे येतो त्याच्या हातात प्रश्नावली देतो. तो बहुधा मुलगा असतो. अर्धा दिवस रजा टाकून, बाइकवर बसवून वडिलांना घेऊन आलेला. त्याला औषधांची बिलं माहीत असतात. पण पहाटे उठून गरम पाणी देणारी, भाजीत मीठ पडण्याआधी सासऱ्यांच्या वाटणीची वाटीभर बाजूला काढणारी, रात्री खोकल्याचा आवाज ऐकून उशी उंच करणारी ती घरीच राहिलेली असते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरच्यांची विनामोबदला काळजी घेणाऱ्या बायका दिवसाला सरासरी १३४ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ७६ मिनिटं, असं आढळलं. असं काम करणाऱ्यांचं प्रमाणही बायकांत जवळपास दुप्पट होतं. तुमच्या नमुन्यात सत्तर टक्के मुलगे आले, तर चूक तुमच्या निवडीत आहे.

म्हणून आधी रुग्णाला विचारा. "काळजीवाहक" हा शब्द वापरू नका, तो आपल्या पुस्तकांत आहे, बोलण्यात नाही. विचारा, "घरी तुमचं कोण करतं?" मग तीन प्रश्न: गोळ्या कोण काढून देतं? जेवण कोण बघतं? रात्री बरं वाटेनासं झालं तर कुणाला हाक मारता? दोन उत्तरांत एकच नाव आलं तर तीच तुमची व्यक्ती. ती दवाखान्यात आली नसेल तर पुढच्या तारखेला बोलवा, किंवा परवानगी घेऊन घरी जा. वेळ जातो, खरं आहे. पण चुकीच्या माणसाची शंभर उत्तरं गोळा करण्यापेक्षा योग्य माणसाची साठ बरी. निवडीचे निकष प्रस्तावातच लिहा: वय १८ च्या वर, पगार न घेता करणारी, किमान तीन महिन्यांपासून करणारी. पगारी आया वेगळा विषय आहे, तो वेगळाच ठेवा.

साधन निवडणं आणि ते मराठीत आणणं

प्रश्नावली स्वतः बनवायच्या मोहात पडू नका. रीगेल यांच्या गटाची हार्ट फेल्युअरची प्रश्नावली आहे, सर्व दीर्घ आजारांसाठीची सामायिक प्रश्नावली २०१८ मध्ये आली, आणि काळजी घेणाऱ्याच्या हातभाराची वेगळी आहे. यात प्रत्येक भागाचे गुण ० ते १०० मध्ये येतात आणि ७० किंवा जास्त म्हणजे पुरेशी स्व-काळजी, असं धरलं जातं. मधुमेहासाठी टूबर्ट आणि सहकाऱ्यांची प्रश्नावली २००० सालच्या सुधारित रूपात वापरात आहे. ती विचारते, गेल्या सात दिवसांपैकी किती दिवस हे केलंत? "तुम्ही नियमित करता का?" याला सगळे "हो" म्हणतात, "सातांपैकी किती दिवस?" याला माणूस बोटं मोजतो. कोणतंही साधन घ्या, मूळ लेखकांना ईमेल करा. मराठी आवृत्ती आधीच झाली आहे का ते विचारा, वापराची परवानगी लेखी घ्या आणि ती प्रबंधाला जोडा.

मराठीकरणाची रीत ठरलेली आहे. दोन जणांनी स्वतंत्रपणे मराठीत आणायचं, बसून एक मसुदा करायचा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने तो परत इंग्रजीत न्यायचा, फरक पाहायचे, तज्ज्ञांना दाखवायचं. पाचपर्यंत तज्ज्ञ असतील तर प्रत्येक प्रश्न सगळ्यांनी समर्पक मानायला हवा. सहा किंवा जास्त असतील तर त्या प्रश्नाचा आशय-वैधता निर्देशांक, म्हणजे तो समर्पक मानणाऱ्या तज्ज्ञांचं प्रमाण, किमान ०.७८ हवा. नंतर आठ-दहा रुग्णांसमोर ठेवून प्रत्येक प्रश्नाचा अर्थ त्यांच्या तोंडून काढायचा. ही शेवटची पायरी सगळे गाळतात, आणि खरं तर सगळा जीव तिथेच आहे.

दोन प्रसंग सांगते. आमच्या मसुद्यात "आपण आहारात मिठाचे प्रमाण कमी ठेवता का?" असा प्रश्न होता. एका आजोबांनी ठामपणे सांगितलं, "वरून मीठ घेतच नाही." त्यांना पूर्ण गुण मिळाले. मग शेजारी बसलेल्या आजींनी सहज सांगितलं की सकाळी चहाबरोबर खारी, दुपारी लोणच्याची फोड, पावसाळ्यात सुकट. आजोबा खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी मीठ म्हणजे ताटात वाढलेलं मीठ. आम्ही मुलाखत घेणाऱ्यांसाठी त्या प्रश्नाखाली स्पष्टीकरणाची ओळ घातली: लोणचं, पापड, ठेचा, सुकी मासळी, खारे दाणे, खारी, फरसाण, सगळं धरून. प्रश्न बदलला नाही, विचारण्याची रीत एकसारखी केली आणि तसं प्रबंधात लिहिलं.

दुसरा प्रसंग ओझ्याचा. झारिट आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये काळजी घेणाऱ्यावरचा भार मोजण्याचं साधन दिलं. आज त्याची २२ प्रश्नांची आवृत्ती वापरतात, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ० ते ८८. ते वापरायला मापी रिसर्च ट्रस्टकडून परवानगी घ्यावी लागते. त्यात राग, संकोच, स्वतःला वेळ न उरणं यांविषयी प्रश्न आहेत. "भार" चं "ओझं" केलं आणि पहिल्याच दिवशी एका सुनेने पेन खाली ठेवलं. "सिस्टर, सासूबाईंना ओझं म्हणू? माझ्या हातून नाही व्हायचं ते." त्यानंतर ती अर्धा तास बोलत होती. दोन वर्षांत माहेरी मुक्काम नाही, कंबर धरते, रात्री सलग झोप नाही, आणि तरी "करायलाच हवं, आपलंच माणूस." तिला भार होता, फक्त तो शब्द तिला मान्य नव्हता. त्या प्रश्नासाठी मसुदा पाहणाऱ्या तज्ज्ञांनी "ओढाताण होते का" हा पर्याय सुचवला. असा बदल परस्पर करू नका. परवानगी देणाऱ्यांना कळवा, कारण द्या, होकार आल्यावरच वापरा.

प्रदेशाचंही भान ठेवा. कुठे धाप लागते, कुठे दम भरतो, कुठे श्वास कोंडतो. मुलाखतीच्या सूचनापत्रात हे पर्याय लिहून ठेवले की पाच जणांनी पाच तऱ्हेने विचारण्याची वेळ येत नाही. नंतर क्रॉनबाख अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं आपसांत किती जुळून येतात याचा आकडा, काढा, ०.७० च्या वर हवा. पण अल्फा चांगला आला म्हणजे प्रश्न समजले असं होत नाही. आजोबांच्या मिठाने ते मला शिकवलं.

किती जोड्या

प्रमाण काढायचं असेल आणि आधीचा आकडा हाताशी नसेल तर प्रमाण ५० टक्के, चूक १० टक्के धरा. ४पीक्यू भागिले डीचा वर्ग (पी म्हणजे प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून उरलेलं, डी म्हणजे चूक), म्हणजे १००. दहा टक्के गळती धरली तर ११२ जोड्या. लक्षात ठेवा, जोड्या. आणि तिसऱ्या भागाचे, म्हणजे हालचालीचे प्रश्न ज्याला अलीकडे लक्षणं झाली त्यालाच लागू होतात, त्यामुळे तिथला आकडा आणखी घटतो. त्याची तजवीज आधीच करा.

नीतिमत्ता समिती आणि दोन संमती

आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून अर्ज करा. दोघांची संमती वेगवेगळी घ्यायची, एकाने दुसऱ्याच्या वतीने सही करायची नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्याचा अंगठा निष्पक्ष साक्षीदारासमोर घ्या, आणि वॉर्डातली मावशी तुमच्या हाताखाली असेल तर ती निष्पक्ष नव्हे. हस्तक्षेपाचा अभ्यास असेल, म्हणजे काही शिकवणार किंवा देणार असाल, तर पहिल्या सहभागीआधी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदणी करा.

आणखी एक गोष्ट अर्जात आवर्जून लिहा. भाराचे प्रश्न विचारताना कुणी रडलं, जगणं नको झालंय असं कुणी म्हणालं, तर काय कराल? मुलाखत थांबवणार, समुपदेशकाकडे किंवा मानसोपचार ओपीडीत स्वतः घेऊन जाणार, हे नावनिशी ठरलेलं हवं. बाई डोळे पुसत असताना पुढचा प्रश्न विचारणारा अभ्यास मला नको आहे.

मुलाखत: दोघं, पण वेगवेगळी

पहिल्या पायलटमध्ये, म्हणजे मुख्य अभ्यासाआधीच्या छोट्या चाचणीत, आम्ही जोडीला एकाच बाकावर बसवलं. "रोज वजन करता का?" असं काकांना विचारलं. काकू म्हणाल्या, "हो, करतात की." काका पायांच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. शेवटी कळलं, घरात काटाच नाही. काकूंना नवऱ्याची लाज राखायची होती. त्या दिवसाच्या सगळ्या मुलाखती बाद केल्या आणि तेव्हापासून नियम केला: एकाच दिवशी, एकाच वेळी, दोन खोल्यांत, दोन मुलाखतकार. दुसरी खोली नसेल तर एकजण एक्स-रे किंवा रक्ततपासणीला गेलेला असताना दुसऱ्याची घ्या. सुनेची मुलाखत सासूला ऐकू जाईल अशा ठिकाणी घेऊ नका, मुलगा बाजूला उभा असतानाही नको.

सुरुवात प्रश्नावलीने करू नका. आधी गोळ्यांची पिशवी किंवा डबा पाहायला मागा. बहुतेक जणी तो आणतातच. प्लास्टिकच्या पिशवीत केसपेपरच्या घडीत गोळ्यांच्या स्ट्रिपा, काही अर्ध्या कापलेल्या, एकीवर पेनाने "स" आणि "रा" लिहिलेलं. एका मावशींनी मला सांगितलं, "सकाळची गुलाबी, रात्रीची अर्धी पांढरी." वाचता येत नव्हतं, पण नियम बिनचूक होता. मग दुकानात दुसऱ्या कंपनीची गोळी मिळाली, गुलाबीची पिवळी झाली आणि आठ दिवस ती गोळी बंद राहिली. प्रश्नावलीत हे कुठल्याच चौकटीत बसत नाही. म्हणून प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी अर्ध्या पानाची रिकामी जागा ठेवा आणि त्याच संध्याकाळी, त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. दुसऱ्या दिवशी शब्द तुमचे होतात.

वेळ जमली तर दहा-बारा जोड्यांच्या सविस्तर मुलाखतीही घ्या. ब्रॉन आणि क्लार्क यांची २००६ ची आशयसूत्र काढण्याची पद्धत नवशिक्यालाही झेपते, आणि लेखनासाठी कोरेकची, म्हणजे मुलाखतींवरचा अभ्यास कसा लिहावा याची, ३२ मुद्द्यांची यादी समोर ठेवा. संहिता मराठीतच संकेतांकित करा, म्हणजे वाक्यावाक्याला अर्थाची छोटी नावं द्या. आधी इंग्रजीत नेऊन मग अर्थ शोधायला गेलं की "जीव मेटाकुटीला आला" चं सरळ थकवा होऊन जातं.

आकडेमोड

शंभर जोड्या म्हणजे दोनशे स्वतंत्र माणसं नव्हेत. एकाच चुलीवरचं जेवणाऱ्या दोघांची उत्तरं एकमेकांशी बांधलेली असतात, म्हणून स्वतंत्र नमुन्यांची टी-टेस्ट इथे चुकीची. जोडीची टेस्ट वापरा, गुण एका बाजूला झुकलेले असतील तर जोड्यांसाठीची विलकॉक्सन चाचणी.

दोघांचं म्हणणं जुळतं का, हे सहसंबंधाने दाखवू नका. समजा प्रत्येक घरात काळजी घेणारीने रुग्णापेक्षा बरोबर २० गुण जास्त दिले. सहसंबंध पूर्ण १ येईल आणि एकाही घरात एकमत नसेल. इथे इंट्राक्लास सहसंबंध, त्यातही नेमकं एकमत मोजणारा, किंवा दोघांच्या गुणांतला फरक दाखवणारा ब्लँड-ऑल्टमनचा आलेख लागतो. बायकोच्या भाराचा नवऱ्याच्या स्व-काळजीवर आणि उलट काय परिणाम होतो हे पाहायचं असेल तर अ‍ॅक्टर-पार्टनर मॉडेल आहे. त्यासाठी संख्याशास्त्रज्ञाला प्रस्ताव लिहितानाच भेटा. डेटा गोळा झाल्यावर भेटलात तर तो बिचारा फारसं काही करू शकत नाही.

आणि सरासरीवर थांबू नका. ज्या घरांत रुग्ण म्हणतो "मीच करतो" आणि घरची म्हणते "मीच करते", ती घरं वेगळी काढून पाहा. त्याहून महत्त्वाची, दोघंही "दुसरा करतो" म्हणतात ती. त्या घरांत ते काम कुणीच करत नसतं. माझ्या विद्यार्थिनींना अशी घरं वजनाच्या प्रश्नात सर्वात जास्त सापडली.

काम वॉर्डात परत न्या

प्रबंध नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे सादर झाला की बहुतेकांचं काम संपतं. तुमचं संपू देऊ नका. जिथून जोड्या घेतल्या त्या वॉर्डच्या सिस्टर-इनचार्जना एका पानावर, मराठीत, निष्कर्ष द्या. आमच्या एका विद्यार्थिनीच्या अभ्यासानंतर त्या वॉर्डात दोनच बदल झाले. डिस्चार्जच्या वेळी पथ्यपाणी सांगण्याआधी सिस्टर विचारतात, "घरी गोळ्या कोण काढून देतं?" आणि त्या व्यक्तीचं नाव व फोन नंबर केसपेपरच्या पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात लिहितात. ती व्यक्ती हजर नसेल तर तिला फोन लावून, स्पीकरवर, रुग्णाच्या समोर सगळं पुन्हा सांगतात. दुसरा बदल वजनाच्या कागदाचा. एका पानावर तीस चौकटी, वर डिस्चार्जच्या दिवशीचं वजन, खाली दोन नावं लिहायच्या दोन ओळी: वजन कोण करणार आणि आकडा कोण लिहिणार.